सुपरहिरोपटाचं परीक्षण: चाहत्याने कसं पाहावं, कसं लिहावं

नवा सुपरहिरोपट लागला की पहिल्याच रात्री मतांचा पाऊस पडतो. त्यातल्या बऱ्याच मतांत एक गोम असते: तक्रार खरी असते, पण पत्ता चुकलेला असतो. थ्रीडीच्या चष्म्यामुळे पडदा अंधारतो आणि बोल छायालेखकाला लागतात. डबिंगमध्ये विनोद पडतो आणि पटकथा फसली असं लिहिलं जातं. थिएटरवाल्याने भलत्या जागी मध्यंतर घेतलेलं असतं आणि संकलकाला लय सापडली नाही असा निकाल लागतो. चाहत्याला पात्राची नाडी ठाऊक असते, ही त्याची मोठी जमेची बाजू. तिचा उपयोग व्हायचा असेल तर जे भावलं किंवा खटकलं ते नक्की कुणाचं काम, हे आधी ओळखता यायला हवं.

उदाहरणासाठी इथे एकच चित्रपट घेतला आहे: जेम्स गन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, ११ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झालेला ‘सुपरमॅन’. डेव्हिड कोरेनस्वेट सुपरमॅन (एरवी क्लार्क केंट नावाचा पत्रकार), रेचल ब्रॉस्नाहन त्याची पत्रकार प्रेयसी लोइस लेन आणि निकोलस होल्ट खलनायक लेक्स लुथर. पद्धत कुठल्याही सुपरहिरोपटाला चालते.

तिकीट काढताना

परीक्षण लिहायचं असेल तर पहिला शो टूडीत पाहा, आणि जमलं तर मूळ भाषेत. थ्रीडी दुसऱ्यांदा पाहायला ठेवा. टूडी पडद्यासाठी उजेडाचं ठरलेलं प्रमाण १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत त्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर त्याहूनही कमी. रात्रीच्या मारामारीत काळा, निळा आणि करडा एकमेकांत मिसळून चिखल होतो. शिवाय बहुतेक सुपरहिरोपट थ्रीडी कॅमेऱ्याने चित्रित होतच नाहीत. टूडीत चित्रित करून नंतर त्यांना खोली दिली जाते. थ्रीडी सपाट वाटलं तर तो दोष या नंतरच्या कामाचा आहे. दिग्दर्शकाच्या दृश्यरचनेवर तो ढकलू नका.

आयमॅक्सचं गणित सोपं आहे. नेहमीच्या रुंद ‘स्कोप’ पडद्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण २.३९:१ असतं, डिजिटल आयमॅक्सचं १.९०:१. रुंदी तीच धरली तर उंची सुमारे २६ टक्के वाढते. उडणाऱ्या माणसाच्या चित्रपटात ही उंची कामाची, कारण वर जायला आकाश मिळतं. पण काही चित्रपटांत ठरावीक प्रसंगच त्या उंचीत असतात आणि मधले प्रसंग वर-खाली काळ्या पट्ट्यांसह येतात. म्हणून परीक्षणात एक ओळ हवीच: कुठल्या प्रकारच्या पडद्यावर, कुठल्या भाषेत, टूडी की थ्रीडी. थिएटरचं नाव नसलं तरी चालेल.

आसन पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर आणि मधोमध घ्या. आवाज जुळवणारे तंत्रज्ञ याच भागात माइक ठेवतात, त्यामुळे अ‍ॅटमॉसचा, म्हणजे छतावरही स्पीकर असलेल्या ध्वनियंत्रणेचा, डोक्यावरून जाणारा आवाज इथे नेमका लागतो. पहिल्या तीन रांगांत बसलात तर मारामारीत मान डावी-उजवीकडे फिरत राहते, अर्धी चाल सुटते आणि ‘कॅमेरा फार हलतो’ असं वाटतं. ते वाटणं त्या खुर्चीचं आहे.

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी आणि जुन्या एकपडदा थिएटरांत बऱ्याचदा हिंदी डबच मिळतो. तो पाहून परीक्षण लिहायला काहीच हरकत नाही. मात्र अभिनेत्याच्या आवाजाबद्दल आणि विनोदाच्या टायमिंगबद्दल निकाल देऊ नका. डोळे, खांदे, चाल यांवर लिहा. ते डब होत नाहीत.

मध्यंतर आणि कात्री

‘पूर्वार्ध रंगतो, उत्तरार्ध रेंगाळतो’ हे वाक्य मराठी परीक्षणांत इतकं मुरलंय की ते हॉलिवूडपटालाही सर्रास लावलं जातं. त्या चित्रपटांना मध्यंतरच नसतं. ‘सुपरमॅन’ १२९ मिनिटांचा सलग चित्रपट आहे. भारतातली थिएटरं तो मध्यावर कुठेतरी तोडतात, कधी प्रसंग चढत असताना तर कधी संवाद अर्धवट ठेवून. परत आल्यावर पहिली पाच-सात मिनिटं मन पॉपकॉर्नमध्येच असतं आणि त्या वेळचा प्रसंग हकनाक संथ ठरतो. कुठल्या दृश्यावर मध्यंतर झालं ते टिपून ठेवा. नंतरच्या पहिल्या प्रसंगाबद्दल मत वाईट असेल तर ते लिहिण्याआधी दोनदा तपासा.

मल्याळममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लोका’ आला. अशा भारतीय सुपरहिरोपटांत मध्यंतराचं वळण पटकथेतच बांधलेलं असतं. तिथे पूर्वार्ध-उत्तरार्ध अशी विभागणी रास्त आहे, किंबहुना मध्यंतराचा ठोका बसला की नाही हा तिथला पहिला प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट सेन्सॉरची. ‘सुपरमॅन’मधलं सुपरमॅन आणि लोइस यांच्या चुंबनाचं सुमारे ३३ सेकंदांचं दृश्य भारतात कापलं गेलं आणि त्याच्या बातम्याही झाल्या. प्रेमकथा ‘अर्धवट वाटते’, ‘शेवट तुटल्यासारखा होतो’ असं इथल्या प्रेक्षकाने म्हटलं तर त्याला चूक म्हणता येत नाही. पण ते लिहिताना कात्री कुणाची हे सांगायला हवं. दृश्यात अचानक उडी आली, पार्श्वसंगीत मध्येच तुटलं, कोनात कारणाशिवाय बदल झाला, तर तिथे कात्रीचा संशय घ्या आणि घरी आल्यावर खातरजमा करा.

पाहताना काय टिपावं

फोन खिशातच ठेवा. त्याच्या उजेडाने शेजाऱ्यांचा रसभंग होतो. शिवाय थिएटरमध्ये पडदा चित्रित करणं २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने गंभीर गुन्हा आहे: किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड. आवडत्या प्रवेशाची दहा सेकंदांची ‘स्टोरी’ही त्यात मोडू शकते.

तळहाताएवढी वही आणि पेन्सिल पुरते. अंधारात मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच टिपण, तेही चार-पाच शब्दांचं. टिपायचं ते शरीराने काय केलं ते: कुठे पुढे सरकून बसलात, कुठे हसू आलं, कुठे घड्याळ आठवलं. कारण नंतर शोधता येतं, क्षण मात्र निसटतो. दोन तासांत आठ-दहा टिपणं झाली तर पुष्कळ. त्याहून जास्त होत असतील तर तुम्ही चित्रपट पाहत नसून हिशेब ठेवत आहात.

श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. ‘सुपरमॅन’मध्ये एक छोटं दृश्य श्रेयनामावलीच्या मध्ये येतं आणि एक अगदी शेवटी. दारं उघडली, दिवे लागले, झाडू घेऊन कर्मचारी आले तरी बसून राहा. मधल्या वेळात नावं टिपा: छायालेखन हेन्री ब्रेहम, संगीत जॉन मर्फी आणि डेव्हिड फ्लेमिंग, वेशभूषा जुडियाना माकोव्स्की. परीक्षणात ‘संगीत छान’ लिहिण्याऐवजी नाव आलं की वाचकालाही धागा मिळतो. इथे तर नाव आवश्यकच आहे, कारण जॉन विल्यम्स यांची १९७८ ची सुप्रसिद्ध धून मर्फी आणि फ्लेमिंग यांनी नव्या वाद्यमेळात गुंफली आहे. अंगावर आलेला काटा जुन्या धुनेचा की नव्या वापराचा, हे स्वतःला विचारल्याशिवाय संगीतावर ओळ लिहू नका.

बाहेर पडल्यावरची वीस मिनिटं

ही वीस मिनिटं सगळ्यात मोलाची. मित्रांशी बोलण्याआधी, इतरांची मतं वाचण्याआधी, कुठेतरी चहा घेत बसा आणि आठवणीतून लिहा. आधी कथा पाच वाक्यांत. मग लक्षात राहिलेले तीन प्रसंग आणि न पटलेला एक. शेवटी कागदावर मोठ्या मारामारीचा नकाशा काढा: नायक कुठे होता, धोका कुठून येत होता, सामान्य माणसं कुठे अडकली होती, नायकाला नेमकं काय साधायचं होतं.

नकाशा काढता आला तर त्या मारामारीचं दिग्दर्शन आणि संकलन भक्कम आहे. आला नाही, फक्त धूर, काचा आणि गडगडाट आठवला, तर ‘अ‍ॅक्शन दमदार’ लिहिणं खोटं ठरेल. ‘सुपरमॅन’मध्ये मिस्टर टेरिफिक या दुसऱ्या सुपरहिरोचा समुद्रकिनाऱ्यावरच्या तळावरचा प्रसंग या कसोटीला उत्तम उतरतो. लोइस एका संरक्षक बुडबुड्यात उभी आहे, हल्लेखोर चहूबाजूंनी येताहेत, टेरिफिकचे उडते गोळे त्यांना टिपताहेत, वर एक हलकंफुलकं गाणं वाजतंय आणि कॅमेरा वर्तुळात फिरतोय. मधला बिंदू पक्का असल्यामुळे कॅमेरा कितीही फिरला तरी दिशा हरवत नाही. असं कारणासकट लिहिलं की तुमच्या मताला वजन येतं.

‘व्हीएफएक्स खराब’ लिहिण्याआधी

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. व्हीएफएक्स म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं. त्यांत चार वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात. पात्र आणि पार्श्वभूमी यांची कड जुळत नाही, पात्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. प्रकाश जुळत नाही: आकाश ढगाळ आणि चेहऱ्यावर मात्र कडक ऊन. वजन नसतं: दहा मजली राक्षस पाय टेकवतो आणि रस्ता साधा हलतसुद्धा नाही. किंवा माणसाच्या जागी उभा केलेला संगणकी माणूस रबरासारखा वळतो. यातलं नक्की काय खटकलं ते लिहा. एका चित्रपटावर अनेक व्हीएफएक्स कंपन्या वेगवेगळे प्रसंग करतात, त्यामुळे एक प्रसंग देखणा आणि पुढचा कच्चा, असं सहज घडतं. सरसकट निकाल देणं म्हणूनच धोक्याचं.

आणि कधीकधी संगणकाचा काही संबंधच नसतो. प्रदर्शनाआधी आलेल्या एका जाहिरातीत उडणाऱ्या सुपरमॅनचा चेहरा विचित्र ताणलेला दिसला आणि व्हीएफएक्स फसल्याची ओरड झाली. जेम्स गन यांनी खुलासा केला की त्या चेहऱ्यात संगणकाचं काहीच नाही, आणि मागचा बर्फाळ प्रदेशही नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये खरोखर चित्रित केलेला आहे. चेहऱ्याच्या अगदी जवळ वाइड अँगल लेन्स नेली की नाक पुढे येतं आणि गाल-कान मागे ओढले जातात, हा भिंगाचा गुणधर्म आहे. ती लेन्स तुम्हाला आवडो न आवडो, पण ती निवड आहे. ‘उडताना कॅमेरा इतका जवळ नको होता, वेग चेहऱ्यावर दिसतो पण आकाश हरवतं’ ही टीका नेमकी झाली. ‘ग्राफिक्स स्वस्तातलं’ ही नाही.

ताकदीचे नियम, खलनायकाचं कारण

सुपरहिरोपटाचा कणा दोन प्रश्नांवर तपासता येतो. नायकाला काय जमत नाही? आणि खलनायकाला काय हवंय, हे त्याच्याच बाजूने एका वाक्यात सांगता येतं का?

पहिल्या प्रश्नासाठी चित्रपटाने स्वतः घालून दिलेले नियम लिहून काढा आणि ते कुठे मोडले ते पाहा. कॉमिकमधले नियम इथे उसने आणू नका. ‘सुपरमॅन’ सुरुवातीच्या मजकुरातच सांगून टाकतो की तीन मिनिटांपूर्वी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा लढाई हरला आहे. मग तो बर्फात कोसळतो, रक्त येतं, क्रिप्टो कुत्रा त्याला ओढत नेतो, सूर्यप्रकाशाच्या उपचारांनी हाडं जुळतात आणि त्या वेळी तो वेदनेने ओरडतो. पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की इथे मार लागतो आणि बरं होणंही दुखतं. पुढची प्रत्येक मारामारी या नियमावर तोलता येते.

दुसऱ्या प्रश्नासाठी लुथरकडे पाहा. तो दूर आपल्या नियंत्रण कक्षात उभा राहून आकडे-अक्षरांच्या खुणांनी हल्ल्याचे हुकूम ओरडतो आणि त्याचा योद्धा त्यानुसार ठोसे मारतो. म्हणजे या माणसाने सुपरमॅनची प्रत्येक चाल वर्षानुवर्षं पाठ केली आहे. त्याच्या मत्सराचं भाषण पुढे येतं, पण मत्सर किती खोल आहे हे त्या खुणांनी आधीच सांगून झालेलं असतं. खलनायकाबद्दल लिहिताना असा एखादा तपशील शोधा, कारण ‘होल्ट प्रभावी’ एवढ्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही.

कॉमिकशी तुलना

चाहता इथेच घसरतो. ‘मूळ सुपरमॅन असा नव्हताच’ लिहिण्याआधी मूळ म्हणजे कोणता ते ठरवा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या जनकांचा १९३८ च्या कॉमिकमधला सुपरमॅन उडत नव्हता. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, ओलांडायचा. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आणि भ्रष्ट राजकारण्यांना वठणीवर आणत होता. पडद्यावर १९७८ मध्ये क्रिस्टोफर रीव्ह आले, २०१३ मध्ये हेन्री कॅव्हिल. यातला कोणीच एकटा ‘मूळ’ नाही. गन यांनी लाल चड्डी परत आणली, सुपरमॅनच्या जन्मग्रहाच्या, क्रिप्टॉनच्या, स्फोटाची गोष्ट पुन्हा सांगायचं टाळलं, क्रिप्टोला मोठी भूमिका दिली. प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा: या चित्रपटात त्याने काय काम केलं? कॉमिकपेक्षा वेगळं म्हणून गुण कापू नका, आणि एखादी चौकट जशीच्या तशी पडद्यावर आली म्हणून वाढवूही नका. संदर्भ ओळखल्याचा आनंद हवा तर वेगळ्या परिच्छेदात लिहा. कॉमिक न वाचलेला तो ओलांडून पुढे जाईल.

लिहिताना

६०० ते ७०० शब्द पुरेसे आहेत. कथेला त्यातले १०० द्या, तेही पहिल्या अर्ध्या तासापुरते आणि ट्रेलरमध्ये दिसलं तेवढेच. पहिल्याच परिच्छेदात मत सांगून टाका. वाचकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची गरज नाही. मग सगळी ताकद दोन-तीन प्रसंगांवर लावा.

विशेषणाच्या जागी दृश्य ठेवायची सवय लावा. कच्चं वाक्य: ‘कोरेनस्वेटने क्लार्क आणि सुपरमॅन ही दोन रूपं अप्रतिम साकारली आहेत.’ पक्कं वाक्य: ‘घरात लोइस मुलाखत घ्यायला बसते तेव्हा क्लार्क तिला “मिस लेन” म्हणतो आणि त्याचा आवाज क्षणात खालच्या पट्टीत जातो, प्रश्न टोचायला लागले की तो मुखवटा गळतो आणि समोर चिडलेला, दुखावलेला तरुण उरतो.’ दुसऱ्या वाक्यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी स्तुती पोचते. हा प्रसंग संपूर्ण चित्रपटात सगळ्यात जास्त जागा द्यावी असा आहे. त्यात एकही ठोसा नाही, दोन माणसं एका खोलीत बोलताहेत, आणि ‘कुणाला विचारून युद्धात पडलास?’ या प्रश्नाने उडणारा माणूस जमिनीवर येतो. त्याला दोन ओळींत उरकून शेवटच्या तोडफोडीवर तीन परिच्छेद लिहिणारं परीक्षण चित्रपटाचा तोल चुकवतं.

स्पॉयलरचा नियम असा: मत सांगा, माहिती झाका. सुपरमॅनच्या जन्मदात्यांनी त्याच्यासाठी ठेवलेल्या संदेशाबद्दल या चित्रपटाने एक धाडसी निर्णय घेतला आहे आणि त्यावर चाहत्यांत मोठे मतभेद आहेत. ‘संदेशाबद्दलचा निर्णय मला पटला, कारण त्यामुळे त्याला वाढवणाऱ्या केन्सासच्या शेतकरी आईवडिलांचं महत्त्व वाढतं’ एवढं लिहिता येतं. पाहिलेल्याला सगळं कळतं, न पाहिलेल्याचं काही बिघडत नाही. श्रेयनामावलीतल्या दृश्यांबद्दल संख्या सांगा, आशय नाही. शीर्षकात आणि सोबतच्या चित्रात काहीही उघड करू नका. ती टाळायची सोय वाचकाला नसते.

तारे द्यायचे असतील तर पाचपैकी आणि अर्ध्याच्या पटीत, ३.७ असल्या आकड्याला अर्थ नाही. कमाईचे आकडे या हिशेबात आणू नका. तारे सगळ्यात शेवटी ठरवा आणि मग मजकूर पुन्हा वाचा. शब्द कडक आणि तारे चार असं दिसलं तर बहुधा चार तारे पात्रावरच्या प्रेमाने दिलेले असतात. ते प्रेम लपवायची गरज नाही. ‘या पात्रासाठी मी पक्षपाती आहे’ असं सरळ लिहा आणि आकडा मजकुराला जुळवा.

प्रकाशित करण्याआधी एक रात्र जाऊ द्या. सकाळी नावांची अक्षरं, लांबी, भाषा आणि पडदा यांची ओळ, आणि प्रत्येक टीकेचा पत्ता तपासा. पुढे चित्रपट घरी पाहता आला तर मूळ भाषेत आणि मध्यंतराशिवाय पुन्हा पाहा, कापलेलं दृश्य त्यात आहे का ते बघा. मत बदललं तर जुनं वाक्य पुसू नका. खाली तारीख टाकून नवी ओळ लिहा.